रेघेच्या वरचं आणि रेघेच्या खालचं

कोकण किनाऱ्यावरील मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि घरोघरी शास्त्राभ्यासाचे वर्ग चालवणारे बंधुभगिनी यांस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावरून गेलं. आमच्या वाडीतल्या एकशे चाळीस पोफळींपैकी संध्याकाळी एकोणीस उभ्या होत्या. माडांचे शेंडे पिरगळलेले, विहिरीत कौलं, पाटात फणसाची अख्खी फांदी. पंचनामा झाला. पडलेली झाडं कापून हलवण्यात पावसाळा गेला. रोपं लावायची वेळ आली तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकू, कशाला? पोफळ धरायला सहा-सात वर्षं जाणार. तोवर आपण इथे असणार आहोत का?"

मला वाटलं, हाही मुंबईला निघाला. कोकणातल्या घरांना ते वाक्य नवं नाही. पण त्यानं बोट वर केलं होतं, आढ्याकडे. म्हणजे तोवर प्रभू येऊन आपल्याला वर नेणार, असं.

हे कुठे लिहिलंय म्हणून विचारलं, तर म्हणाला बायबलमध्ये. दाखव म्हटलं. त्यानं मोबाइल काढला. शास्त्राभ्यासाच्या ग्रुपवर आलेला एका इंग्रजी पानाचा फोटो होता. वर दोन ओळी वचन, मधे बारीक रेघ, खाली मुंगीएवढ्या अक्षरात वीसेक ओळी. बोट त्यानं रेघेच्या खाली ठेवलं.

हे पत्र त्या रेघेबद्दल आहे. मी यावर आधी एका पाळकांशी समक्ष बोलले होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही फार चिकित्सा करता." तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे असेल. पण मग विचार केला, एकट्याला सांगून भागणार नाही, सगळ्यांनाच लिहावं.

आधी स्वतःच्या घरातलं सांगते. माझं माहेर अलिबागचं. थोरले मामा बोटीवर होते. एका सफरीतून त्यांनी काळ्या कातडी बांधणीचं जाडजूड इंग्रजी बायबल आणलं. स्कोफील्ड बायबल. आमच्याकडे तेव्हा एकच ग्रंथ होता, आईचं मराठी 'पवित्र शास्त्र', पानं पिवळी पडलेलं, कणा डिंकानं चिकटवलेला. मामा रजेवर आले की संध्याकाळी पडवीत सगळ्यांना बसवून वाचायचे. डोळ्यांनी इंग्रजी वाचत आणि तोंडानं मराठी सांगत. त्यांचे डोळे पानावर वर-खाली फिरत: वरचं वचन, खालची टीप, पुन्हा वरचं वचन. पानावर रेघ होती. मामांच्या आवाजात ती नव्हती.

मामा म्हणायचे, आधी मंडळी, म्हणजे ख्रिस्ताचे विश्वासणारे, गुपचूप स्वर्गात उचलली जाईल, मग सात वर्षांचं महासंकट, मग ख्रिस्तविरोधी यरुशलेमात बसेल. आम्ही मुलं गोधडीत तोंड खुपसून ऐकायचो. दुसऱ्या दिवशी आई चुलीपाशी बसून प्रकटीकरणाची, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाची, पानं उलटायची. तिला ते ख्रिस्तविरोधी सापडत नसत, सात वर्षं सापडत नसत. दोन-तीन दिवस शोधून ती म्हणाली, "आपलं मराठी बायबल अपुरं आहे गं. इंग्रजीत जास्त दिलंय."

हे वाक्य मी पुढची चाळीस वर्षं विसरले नाही. निवृत्त झाल्यावर एक-एक वचन ताडून पाहिलं. आईचं बायबल पुरेपूर होतं. 'ख्रिस्तविरोधी' हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही. तो फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, आणि तिथेही योहान म्हणतो की असे पुष्कळ ख्रिस्तविरोधी आताच उठले आहेत. प्रकटीकरणात बेचाळीस महिने आहेत, बाराशे साठ दिवस आहेत, पण सात वर्षांचं महासंकट कुठेच नाही. ती सात वर्षं येतात दानीएलाच्या नवव्या अध्यायातून. तिथे सत्तर सप्तकं सांगितली आहेत. एक सप्तक म्हणजे सात वर्षं धरायची, एकोणसत्तर सप्तकं ख्रिस्तापर्यंत संपवायची, मग घड्याळ थांबवायचं, मंडळीचा आजवरचा सगळा काळ त्या फटीत बसवायचा आणि उरलेलं सत्तरावं सप्तक जगाच्या अंताला नेऊन ठेवायचं. ही फट दानीएलानं लिहिलेली नाही. ती रेघेच्या खाली आहे.

असा अर्थ कोणी लावूच नये, असं माझं म्हणणं नाही. पुष्कळ भाविक आणि अभ्यासू माणसं तो लावतात. पण ज्या माणसानं तो मामांच्या हाती दिला, तो कोण होता हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी आज सांगते.

सायरस स्कोफील्ड यांचा जन्म १८४३ चा, अमेरिकेतल्या मिशिगनचा. यादवी युद्धात ते दक्षिणेच्या बाजूनं लढले, नंतर कॅन्ससमध्ये वकिली आणि राजकारण केलं. १८७९ च्या सुमारास सेंट लुईसमध्ये त्यांचा पालट झाला, म्हणजे ते ख्रिस्ताकडे वळले, आणि पुढे ते डॅलसमध्ये पाळक झाले. त्यांचं टीपांसह बायबल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं १९०९ मध्ये छापलं, सुधारलेली आवृत्ती १९१७ मध्ये आली. त्यातली शेवटच्या काळाची मांडणी मुळात त्यांची नव्हे. ती जॉन नेल्सन डार्बी यांची. हे आधी आयर्लंडमध्ये अँग्लिकन धर्मगुरू होते, मग प्लिमथ ब्रदरन नावाच्या मंडळींचे पुढारी झाले. संकटाच्या आधी मंडळी गुपचूप उचलली जाईल आणि त्यानंतर ख्रिस्त उघडपणे येईल, हे दोन टप्प्यांचं येणं डार्बींनी १८३० नंतरच्या काळात पसरवलं. त्याआधीची अठरा शतकं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र वाचलं जात होतंच, मेघारूढ होऊन प्रभूला भेटण्याचं वचनही वाचलं जात होतं. पण त्यातून असं दोन हप्त्यांतलं वेळापत्रक काढून ते कोणी घरोघर पोहोचवलं नव्हतं.

स्कोफील्डनी केलेली गोष्ट साधी होती आणि फार हुशारीची होती. तोवर अशी शिकवण पुस्तिकांत असायची, प्रवचनांत असायची. पुस्तिका हरवते, प्रवचन विरतं. त्यांनी ती वचनाच्याच पानावर आणून ठेवली. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायाखाली त्यांनी सात युगांची यादी दिली: निरागसपणा, विवेक, मानवी राज्यव्यवस्था, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य. आदाम अजून बागेत पाऊल टाकतो न टाकतो तोच वाचकाच्या हातात सात कप्प्यांची पेटी आलेली असते. पुढचं सगळं तो त्याच कप्प्यांत टाकत जातो. प्रकटीकरणातल्या सात मंडळ्या म्हणजे मंडळीच्या इतिहासाचे सात कालखंड, हेही तसंच. "आपण लावदिकीयाच्या काळात आहोत", म्हणजे सातव्या, शेवटच्या कालखंडात, असं आपल्या सभांमधून कितीदा ऐकलंय? योहानाचं पत्र मात्र लावदिकीया नावाच्या खऱ्या गावातल्या खऱ्या माणसांना गेलं होतं.

यहेज्केल अडतीसमध्ये उत्तरेकडून इस्राएलावर चालून येणाऱ्या शत्रूची गोग, मेशेख, तुबाल ही नावं आहेत. टीपेत मेशेखचं मॉस्को आणि तुबालचं टोबोल्स्क झालं, म्हणजे अर्थात रशिया, आणि वर यावर सगळ्यांचं एकमत असल्याची ग्वाहीही दिलेली. आवाजाच्या साम्यावरून गावं जुळवायची तर आमच्या रायगडातलं पाली आणि बौद्धांची पाली भाषा एकच ठरेल. मेशेख आणि तुबाल ही आजच्या तुर्कस्तानाच्या भागातली जुनी लोकं होती, हे इतिहासाच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकात सापडतं. पण रशियाचं नाव त्या टीपेत एकदा छापलं गेलं, आणि त्यानंतर रशियानं कुठेही सैन्य हलवलं की आपल्या ग्रुपवर यहेज्केल अडतीस येतं.

टीपेतला शत्रू बदलत राहतो, यातच तिचं माणूसपण दिसतं. १५६० च्या जिनिव्हा बायबललाही समासात भरपूर टीपा होत्या. प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायात खोल खाईतून टोळ निघतात. ते टोळ म्हणजे कोण? जिनिव्हाच्या टीपाकारांनी सांगितलं: रोमचे मठवासी, बिशप आणि कार्डिनल. ते त्यांच्या काळातले शत्रू होते. तीनशे वर्षांनी शत्रू उत्तरेकडे सरकला. आज तो लशीत, आधारकार्डात आणि मोबाइलच्या टॉवरमध्ये आहे. टोळ मात्र तेच आहेत, प्रकटीकरण नऊमधले.

(जाता जाता: अध्यायही मुळात नव्हते, ते तेराव्या शतकात पाडले गेले. वचनांचे आकडे नव्या करारात १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्यानं घातले. म्हणजे पानावरचं बरंच काही माणसाच्या हातचं आहे. त्यात गैर काहीच नाही. फक्त ते माहीत असावं.)

हे सगळं आपल्यापर्यंत पोहोचलं कसं, याचाही विचार करा. १८०४ मध्ये लंडनला बायबल सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिनं नियम केला, की शास्त्र छापायचं ते टीप आणि भाष्य न घालता. निरनिराळ्या पंथांची माणसं एकत्र काम करत होती, टीपा घातल्या असत्या तर पहिल्याच बैठकीत भांडली असती. त्या नियमाचा फायदा आपल्याला झाला. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले, पुढे हर्णैला गेले, आणि या किनाऱ्यावर शास्त्र आलं ते बिनटीपेचं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं घालून केडगावला केलेलं भाषांतर, ना. वा. टिळकांसारखा आपल्याच दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेला कवी, या सगळ्यांनी मराठी माणसाला वचन दिलं. डार्बींचं वेळापत्रक त्यांच्या वचनात नव्हतं. आईच्या चुलीपाशी ते सापडलं नाही, ते म्हणूनच.

मग ते आलं बोटीवरून, मामांच्या पेटीतून. आता बोटीची गरज उरली नाही. १९१७ ची स्कोफील्ड आवृत्ती इतकी जुनी आहे की तिच्यावरचा हक्क अमेरिकेत संपलेला आहे. फुकट मिळणाऱ्या बायबल ॲपमध्ये ती म्हणूनच सहज सापडते. अलीकडच्या चांगल्या अभ्यास बायबलांत कधी कधी तीन-चार वेगवेगळे अर्थ शेजारीशेजारी दिलेले असतात, पण त्यांना पैसे मोजावे लागतात. शंभर वर्षांपूर्वीची टीप फुकट आणि आजचा विचार विकत, अशी ही व्यवस्था आहे. तरुण पाळक ॲप उघडतो, इंग्रजी टीप वाचतो, मराठीत सांगतो. मामांच्या पडवीत झालं तेच पुन्हा होतं. टीप इंग्रजीतून मराठीत आली की रेघ गळून पडते. ऐकणाऱ्याच्या मांडीवर बिनटीपेचं मराठी शास्त्र असतं, त्यात त्याला ते सापडत नाही, आणि तो म्हणतो, माझंच वाचन कमी पडतंय.

भिंतीवरच्या तक्त्यांचंही तेच. बाणांचे, ढगांचे, अग्निसरोवराचे मोठे तक्ते पुष्कळ ठिकाणी टांगलेले असतात. त्यांची घडण क्लॅरेन्स लार्किन नावाच्या माणसाकडून आली. तो पाळक होण्याआधी यंत्रांचे आराखडे काढायचा. आराखडा उत्तम आहे, यात वादच नाही. बाण सरळ, मोजमाप पक्कं. पण प्रकटीकरण हे यंत्र आहे का?

आता जे मला सगळ्यात जड जातं ते लिहिते.

आमच्या अलिबागच्या घराच्या गडग्यापलीकडे एक बेने इस्राएल कुटुंब राहायचं. आमच्या भागात या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं अशी त्यांची परंपरा, आणि आडनावं आपल्यासारखीच गावावरून, नवगावकर, पेणकर, रोहेकर. अलिबागजवळ खडकावर एक जागा आहे, तिथून एलीया संदेष्ट्याचा रथ स्वर्गात गेला आणि घोड्यांच्या टापा दगडात उमटल्या, असं ते मानतात. नवस फेडायला तिथे मालिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. शेजारच्या मावशी मालिद्याचं ताट गडग्यावरून आईच्या हाती द्यायच्या. एके वर्षी त्या कुटुंबानं सामान बांधलं आणि इस्राएलला गेलं. आई आठवडाभर त्या बाजूला बघायची नाही.

गेल्या वर्षी एका अभ्यासवर्गात जखऱ्या तेरा वाचत होते. देशातले दोन भाग नष्ट होतील, असं वचन आहे. शिकवणाऱ्या भावांनी टीप वाचून सांगितलं, की महासंकटात यहूद्यांपैकी दोन तृतीयांश मरतील, उरलेले ख्रिस्ताकडे येतील, आणि म्हणून इस्राएलात जे काही होतंय ते ठरल्याप्रमाणेच चाललंय. आवाजात समाधान होतं. गाडी वेळेवर येतेय असं सांगावं तसं. मला गडग्यावरचं ताट आठवलं. त्या मावशींची नातवंडं आज तिथे कुठल्या तरी गावात असतील. तुमच्या तक्त्यावर ती एका बाणाखाली येतात. कोकणातल्या ख्रिस्ती माणसाला इस्राएल म्हणजे आधी शेजारी होता. इथल्या पाळकानं तरी तो हिशेब इतक्या सहजपणे सांगू नये.

शेवट कधी येणार याच्या तारखांचं फार लिहीत नाही, कारण तारखा स्वतःच आपली शोभा करून घेतात. १९४८ ला इस्राएल झालं, एक पिढी चाळीस वर्षांची, म्हणून १९८८. ते गेलं. हॅरल्ड कॅम्पिंग नावाच्या अमेरिकन रेडिओवाल्यानं २१ मे २०११ सांगितली. तीही गेली. स्वतः स्कोफील्डनी तारीख दिली नव्हती, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण तक्ता टांगला की कोणीतरी कॅलेंडर आणतंच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तळियेवर डोंगर आला, आणि दरडीखालची माणसं अजून काढत असताना आपल्या ग्रुपवर 'चिन्हे पूर्ण होत आहेत' असा मजकूर आला, खाली टाळ्या वाजवणारे हात. आमच्या ओळखीतल्या एका आजींनी कोविडची लस घेतली नाही, हातावर प्रकटीकरणातल्या श्वापदाची खूण होईल म्हणून. कोणी सांगितलं, तर म्हणाल्या, "शास्त्रात आहे."

तेव्हा माझी तुम्हाला विनंती आहे, आणि ती फार मोठी नाही. प्रभू येणार यावर माझा विश्वास आहे. दर रविवारी जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल असं तुमच्याबरोबर उभी राहून म्हणते. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तय चोवीसमध्ये रेघेच्या वरच आहे. शेवटच्या काळावर बोलू नका असं मी म्हणत नाही. अभ्यास बायबल टाकून द्या असंही नाही. शेकेल म्हणजे किती, यरीहो कुठे, परुशी कोण, हे त्याच टीपांतून मी शिकले आणि संडे स्कूलमध्ये शिकवलं. फक्त वर्गात वाचताना वचन संपलं की थांबा. "इथे वचन संपलं, आता टीप" असं तोंडानं म्हणा. टीप कोणाची, कोणत्या साली लिहिली, ते सांगा. त्याच वचनाचा दुसरा अर्थ लावणारे कोण आहेत, ते एका वाक्यात सांगा. कोर्लईच्या, वसईच्या कॅथलिक शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे मंडळीचं गुपचूप उचललं जाणं नाहीच, तरी येणाऱ्या प्रभूची वाट तेही बघतात. जो टीपेचा फोटो ग्रुपवर टाकतो, त्यानं सोबत वचन मराठीतून, हातानं टाइप करून टाकावं. बराचसा मजकूर तेवढ्यानंच थांबेल, टाइप करायचा कंटाळा हीदेखील एक कृपा आहे.

आणि वादळानंतर, पुरानंतर, माणूस घर शाकारत असतो तेव्हा त्याला तक्ता दाखवू नका. यिर्मया बत्तीस वाचून दाखवा. यरुशलेमाला वेढा पडलेला, शहर पडणार हे यिर्मयाला पक्कं माहीत, कारण ते त्यानंच सांगितलेलं. आणि त्याच वेळी तो अनाथोथमधलं चुलतभावाचं शेत विकत घेतो, सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत मातीच्या मडक्यात घालून ठेवतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट टीपेशिवाय समजते. पुतण्याला मी तीच वाचून दाखवली, आईच्या बायबलमधून. त्याला पटलं की नाही, सांगता येत नाही. रोपं मी लावली. शिंपायला तो येतो, कानात हेडफोन घालून, आणि त्यात कोणाचं प्रवचन चालू असतं ते मी विचारत नाही.

दिवाळीनंतर आपल्या तालुक्यात 'शेवटच्या काळाची चिन्हे' या विषयावर तीन दिवसांच्या सभा असल्याचं पत्रक हाती आलं आहे. मी तिन्ही दिवस येईन. पहिल्या बाकावर बसेन, आईचं मराठी शास्त्र मांडीवर घेऊन. वक्ते जिथे जिथे "शास्त्र सांगतं" म्हणतील, तिथे मी हात वर करून वचन विचारणार आहे, आणि सापडेपर्यंत पानं उलटणार आहे. सभा लांबली तर आधीच क्षमा मागते.

आपली,
मंडळीतली एक सभासद, निवृत्त शिक्षिका
तालुका श्रीवर्धन